शालूबाईची बागायत

बारा इंचाची फूटपट्टी जमिनीनं गिळली, आणि निकमांच्या घरातलं भांडण तिथून सुरू झालं.

पुण्यात आर्किटेक्ट झालेल्या क्रांतीनं काही मुद्दाम केलं नव्हतं. रस्त्याकडच्या रानात, शाळेसाठी ठरलेल्या जागेवर, ती उकिडवी बसून एका भेगेची खोली मोजत होती. गेल्या दसऱ्यापासून या आठ गुंठ्यांना कुणी पाणी दाखवलं नव्हतं, कारण इथं आता शाळा व्हायची होती. काळंभोर रान, वर वैशाखाचं ऊन. भेगा अशा पडलेल्या की सहा वर्षांच्या ओवीची चप्पल दोनदा अडकली. क्रांतीच्या हातून पट्टी सुटली आणि खाली गेली ती गेलीच. तिनं कोपरापर्यंत हात घातला.

"घाल की अजून," बांधावर छत्री घेऊन उभे असलेले सयाजीराव म्हणाले.

"आबा, हात संपला माझा."

"आत्या, पट्टी पाताळात गेली?" ओवीनं विचारलं.

"पाताळात नाही गं, तुझ्या आजोबांच्या रानात गेली." क्रांती उठली, हात झटकले आणि जे बोलायचं ती सकाळपासून टाळत होती ते बोलून टाकलं. "आबा, इथं शाळा होणार नाही."

सयाजीरावांनी छत्री मिटली. ऊन डोक्यावर घेऊन छत्री मिटणं म्हणजे काय, हे निकमांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. क्रांतीचे वडील, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले लालासाहेब, दोन पावलं मागं सरकले. त्यांनी बर्फातल्या चौक्या सांभाळल्या होत्या, पण थोरल्या भावाचा राग वेगळा.

"ह्या रानात एकरी साठ टन ऊस निघतोय," सयाजीराव म्हणाले, "आन् शाळा निघत न्हाई?"

"ऊस निघतो म्हणूनच शाळा निघत नाही. ही माती पावसात फुगणार, उन्हात आकसणार. वर भिंत बांधली की भिंतही दरसाल फाटणार. आत्ता जमिनीत हात गेला, दोन वर्षांनी भिंतीत जाईल."

"तुला पुण्यात हेच शिकवलं व्हय गं? शुभ कामात कसा इस्कोट करायचा ते?"

आता या रागालाही कारण होतं. गेल्या दसऱ्याला याच जागेवर सगळी वस्ती गोळा झाली होती. सयाजीरावांनी नारळ फोडला, कुदळ मारली, आणि कुदळ दांड्यापर्यंत आत गेली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात त्यांनी भाषण केलं होतं. "द्यायचं तर मोत्यासारखं रान द्यावं. खडकाळ माळ देऊन पुण्य मिळवणारा हा सयाजी निकम न्हवं!" पुन्हा टाळ्या. ते वाक्य उंब्रजच्या बाजारापर्यंत पोचलं होतं. आणि आज पुतणी म्हणत होती, मोती परत घ्या.

"मार्ग आहे," क्रांती म्हणाली. "खाली मुरूम लागेपर्यंत खणायचं. दीड-दोन पुरुष खोल. मग भरत यायचं. पण मृगाच्या आत जोतं वर येणार नाही. पायाच्या खड्ड्यात पाणी साठलं की काम गेलं पुढच्या उन्हाळ्यावर."

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. चिंचमळ्याच्या वस्तीला शाळा नव्हती. पोरं रोज हायवे ओलांडून उंब्रजला जायची. शिक्षण खात्यानं कबूल केलं होतं, दिवाळीला छप्पर दाखवा, शिक्षक देतो. नाही दाखवलं तर तो शिक्षक दुसऱ्या वस्तीला जाणार होता. गेल्या श्रावणात ओवीच्या हातातला डबा निसटला आणि ट्रकच्या चाकाखाली गेला. ओवी हातभर अलीकडं होती. ती ही गोष्ट अजून हसत सांगायची, "माझ्या डब्याचा पापड झाला!" आणि ऐकणारा दरवेळी तिला जवळ ओढून घ्यायचा.

"उद्या अक्षय्य तृतीया. सिद्धू गवंडी माणसं घिऊन येतोय," सयाजीराव म्हणाले. "पाया हितंच. बास." त्यांनी छत्री उघडली आणि घराकडं चालू लागले.

"पप्पा, तुम्ही काहीच बोलला नाहीत," क्रांती वडिलांना म्हणाली.

"मैं क्या बोलूं? माझं आधीपास्नं म्हणणं हाय, पत्र्याची बराक ठोकावी. आठ दिवसांत फत्ते."

"पत्र्याखाली पोरं भाजून निघतील."

"जवान न्हाई भाजत," लालासाहेब म्हणाले, पण त्यात दम नव्हता.

*

शालूबाई सांगलीच्या एस.टी.तून उंब्रजला उतरल्या तेव्हा ऊन तापलं होतं. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात भडंगाचा डबा. दरवर्षी या सणाला त्या माहेरी यायच्या. यजमान होते तेव्हाही, आणि ते गेल्यावर गेली सात वर्षंही.

हायवेच्या कडेला त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. ट्रक, ट्रक, लक्झरी, पुन्हा ट्रक. एक पाऊल टाकावं आणि मागं घ्यावं. शेवटी एका बैलगाडीच्या आडोशानं पलीकडं पोचल्या. हा रस्ता रोज आमची ओवी ओलांडते, असं मनात आलं आणि त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली. कुणाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

घराच्या पायरीवर चप्पल काढता काढता त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला. "दादा, माझ्या बागायतीला पाणी सोडलं का?"

ही त्यांची जुनी थट्टा. लग्नात वडिलांनी त्यांना चोळीबांगडीसाठी म्हणून आठ गुंठे जमीन दिली होती. लेकीला बांगड्या भरायला, चोळी शिवायला माहेरचं काहीतरी असावं, म्हणून द्यायचा तो तुकडा. कुठला द्यायचा ते मात्र सयाजीरावांनी ठरवलं होतं. वस्तीच्या मागचं टेकाड. नुसता खडक, एक हिवराचं झाड, आणि झाडाखाली शेरडं. त्या टेकाडाला शालूबाई तीस वर्षं 'माझी बागायत' म्हणत होत्या, आणि सयाजीराव तीस वर्षं उत्तर देत होते, "सोडलं की! कालवाच काढलाय!" मग दोघं हसायचे आणि चहा व्हायचा.

आज उत्तर आलं नाही. सयाजीराव खांबाला टेकून छताकडं बघत होते.

"कोण आजारी हाय का?" शालूबाईंनी भावजयीला विचारलं.

"आजारी न्हाई, रुसल्यात," हौसाबाईंनी पिशवी हातातून घेतली. "तुमी हातपाय धुवा. पोळ्या तव्यावर हायती."

सण उद्याचा, पण माहेरवाशीण आली म्हणून पुरणपोळी आजच. पंगत बसली. पहिली पोळी सगळ्यांनी ताटाकडं बघत संपवली. दुसऱ्या पोळीला क्रांतीनं आत्तीला सगळं सांगितलं. फूटपट्टी, भेग, मृग.

"आत्ता गं बया!" शालूबाई म्हणाल्या. "आन् दादा काय म्हणतोय?"

"दादा म्हणतोय पाया हितंच," सयाजीराव भिंतीकडं बघून म्हणाले.

"आवं, पर गाव कवा काळीत वसलंय व्हय?" हौसाबाई वाढता वाढता बोलून गेल्या. "घरं पांढरीत, पिकं काळीत. माझा बा सांगायचा. काळीत फकस्त मोटंवरच्या गड्याची खोप घालावी, तीबी कलंडती."

सयाजीरावांचा घास हातात राहिला. "तुला म्हाईत हुतं?"

"हुतं की."

"मग दसऱ्याला का बोलली न्हाईस?"

"नारळ फुटला हुता. तुमी भाषान करत हुता. मधीच उठून म्हणू व्हय, आवं, खाली बसा?"

क्रांतीला हसू आवरेना. तिनं तोंडासमोर वाटी धरली.

"तसं म्हटलं तर," लालासाहेब आमरसाकडं बघत म्हणाले, "मलाबी अंदाज हुता."

"तू? खंदक खणण्यात आयुष्य गेलं तुझं, आन् तू गप बसलास?"

"हुकूम तुमचा हुता."

सयाजीरावांनी मुलाकडं, वीरधवलकडं पाहिलं. कारखान्यात नोकरी करणारा हा शहाणा पोरगा आता पोळीचा काठ फार बारकाईनं तपासत होता. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

"म्हंजे समद्या घराला ठावं, आन् मी एकटाच खुळा!"

"तुमाला न्हवतं ठावं?" हौसाबाईंनी हळूच विचारलं.

सयाजीरावांनी घास ताटात ठेवला. माहीत नसायला काय झालं होतं? चाळीस वर्षं मातीत गेलेली. पण दसऱ्याच्या दिवशी, सगळ्या वस्तीपुढं, 'घ्या, हा मुरमाड तुकडा शाळेला' असं म्हणायचं? लोकांनी काय म्हटलं असतं? निकमानं टाकाऊ होतं ते दिलं. ही माणसंच अशी. देताना हात आखडला असं कुणी म्हणू नये, यासाठी शाळा कलंडली तरी चालेल.

"जाऊ दे," क्रांती म्हणाली. "आता एकच सांगा. आपल्यात कठीण जमीन कुठं आहे? खडक लागणारी? वस्तीपासून जवळ?"

क्रांतीचं बालपण छावण्यांत गेलेलं. सुट्टीला यायची, आमराईत खेळायची आणि जायची. कुणाचं काय कुठं आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं. तिन्ही पुरुषांची डोकी एकदम ताटात वाकली.

शालूबाईंना मात्र फार बरं वाटलं. इतकं बरं की त्यांनी पाट जरा पुढं ओढून घेतला.

"वैनी," त्या म्हणाल्या, "आमरस वाढा. आज दोन वाट्या खाणार मी."

*

जेवणानंतर सयाजीराव कुठं सापडणार, ते क्रांतीला पक्कं माहीत होतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी स्लॅबचं नवं घर बांधलं, गच्चीसकट, आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून त्यांची दुपारची झोप गुऱ्हाळाच्या कौलारू सोप्यात हलली. क्रांती गेली तेव्हा ते बाजल्यावर पडले होते. डोळे मिटलेले, पण पायाचा अंगठा हलत होता.

तिनं कागदाची सुरळी जमिनीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार गुळाचे खडे ठेवले.

"आबा, शाळा बघा तरी."

"स्लॅब हाय का?"

"नाही."

"मग काय बघायचं?" पण एक डोळा उघडला.

"तुमच्या स्लॅबच्या घरात दुपारी कोण झोपतं?"

"कोण न्हाई. तवा हाय नुसता."

"आणि तुम्ही कुठं झोपता?"

सयाजीरावांनी वर कौलांकडं पाहिलं, मग पुतणीकडं. "लय शानी झालीस," म्हणाले आणि उठून बसले.

मग क्रांतीला धीर आला. बोट फिरवत ती सांगत गेली. दोन खोल्या, पुढं रुंद ओसरी. ओसरीत तिसरा वर्ग भरेल. पाऊस कोयनेच्या बाजूनं तिरपा येतो, म्हणून पश्चिमेची भिंत बंद, वर नुसते झरोके. उजेड उत्तरेकडून, म्हणजे फळ्यावर चमक येणार नाही. खिडक्या खाली घेतलेल्या, पहिलीतल्या पोराला बसल्या जागेवरून बाहेरचं दिसावं म्हणून. छपराचं पाणी पन्हाळीतून ओसरीखालच्या टाकीत. उन्हाळ्यात झाडांना तेच.

"आन् भिंती?"

"दगडाच्या. पाया खणताना जो दगड निघेल तोच वापरायचा. कुठून आणायचा नाही, वाहतूक नाही."

"दगड?" सयाजीरावांचा आवाज बदलला. "किल्लारीला दोन वर्सं न्हाई झाली. आन् कोयनेच्या भूकंपात पाटणकडं मी सोता दगड उपसल्यात, पोरी. त्याखाली काय काय निघालं ते तुला सांगत न्हाई."

क्रांतीनं कागदावरचं बोट उचललं. हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं, आणि तो हसण्यावारी न्यायचा नव्हता.

"तिथं गोल गोटे होते, नुसत्या मातीत रचलेले. भिंतीला आवळून धरणारं काही नव्हतं. मी दगड घडवून लावणार. आणि जोत्यावर एक, खिडक्यांच्या वर एक, छपराखाली एक, असा सळीचा काँक्रीटचा पट्टा सगळ्या इमारतीभोवती फिरवणार. पोत्याला सुतळी आवळतो ना, तसा. आबा, त्या खोलीत आपली ओवी बसणार आहे. मी उगाच काही काढीन का?"

सयाजीरावांनी कागद जवळ ओढला. गुळाचा एक खडा सवयीनं तोंडात टाकला, त्यामुळं कागदाचा एक कोपरा गुंडाळून वर आला.

"कौलं कुठली?"

"ऊस आता कारखान्याला जातो. गुऱ्हाळ निम्मंच चालतं. ही मागची बाजू उतरवली तर पुरतील."

"माझ्या डोक्यावरची काढतीस व्हय गं!" पण ते हसले. सकाळपासून पहिल्यांदा. "बरं. कौल तर कौल. जागा?"

"जागा तुम्हीच सांगा. जेवताना सगळे गप्प का झाले?"

सयाजीरावांनी सांगितलं. टेकाड. आठ गुंठे. शालूबाईची चोळीबांगडी.

"मग सोपं आहे की! आत्तीला विचारा."

"तू इचार."

"मी का? तुमची बहीण आहे."

"आगं, मी तिला काय म्हणून दिलंय ते? खडक! तीस वर्सं थट्टा करतीया बिचारी, कवा कुरकुर न्हाई. आन् आता कुठल्या तोंडानं म्हणू, तुझा खडक माझ्या रानापरीस बरा हाय, दे म्हणून?"

"ह्याच तोंडानं," क्रांती म्हणाली आणि कागद गुंडाळायला लागली.

*

ऊन कलल्यावर सयाजीराव अंगणात येऊन म्हणाले, "शाले, जरा पाय मोकळं करून येऊ. टेकाडाकडं."

"चल की," शालूबाई म्हणाल्या. केव्हा विचारतो याची त्या दुपारपासून वाटच बघत होत्या.

बहीण-भाऊ पुढं निघाले, आणि मागून आपोआप वरात निघाली. लालासाहेबांना तेव्हाच व्यायाम आठवला. हौसाबाईंना शेरडं बघायची होती. क्रांतीला दगड बघायचा होता आणि ओवीला सगळंच बघायचं होतं.

टेकाडावर वारं होतं. हिवराखाली शेरडांच्या लेंड्या, बाकी खडक. इथून सगळी वस्ती दिसत होती आणि लांबवर हायवेवरचे ट्रक, इथून अगदी निरुपद्रवी दिसणारे. सयाजीराव खाकरले. पुन्हा खाकरले.

"वारं झ्याक हाय हितं," म्हणाले.

"व्हय. पहिल्यापास्नं हाय."

"पोरांना बरं वाटंल."

"कुठल्या पोरांना?"

"शाले, लय ताणू नगंस. तुला समदं ठावं हाय."

"ठावं हाय. तुझ्या तोंडानं ऐकायचंय."

सयाजीरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "शाळंला जागा पायजे. तुझं टेकाड दे."

"देते," शालूबाई म्हणाल्या. मागं लालासाहेबांनी सुस्कारा सोडला. "पर दान न्हाई देणार. बदली करू. माझी आठ गुंठं घ्या, मला आठ गुंठं द्या."

"घे की! वड्याकाठची घे, आमराईच्या—"

"रस्त्याकडची."

सयाजीरावांनी वळून रस्त्याकडं पाहिलं.

"ते काळं?" सयाजीराव म्हणाले. "आगं, ते तर समद्या रानात..."

"व्हय, तेच. शाळंला चालत न्हाई, मला चालतंय."

"तू ऱ्हाणार सांगलीत. कसणार कोण?"

शालूबाई हसत होत्या त्या थांबल्या.

"माझ्या लग्नात बी हेच म्हणाला हुतास, दादा. बाबा म्हणत हुते, पोरीला चांगला तुकडा देऊ. तू म्हणालास, तिला कुठं रान कसायचंय, नावाला असलं म्हंजे झालं. मी दाराआड हुते. हातावर हळद हुती माझ्या. ऐकलं मी."

सयाजीराव पायाखालच्या खडकाकडं बघू लागले.

"तीस वर्सं हसत आले," शालूबाई म्हणाल्या, "कारण रडत आले असते तर माहेर तुटलं असतं. हे हळदीच्या पेठेत अडत्याकडं दिवाणजी हुते. घरात, कपड्यांत, अंथरुणात हळदीचा वास. पर सोताच्या मातीत एक गड्डा लावीन म्हटलं तर कुठं? ह्या खडकात? मला हळद लावायचीय, दादा. माझ्या रानात. एकदा तरी."

हौसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. क्रांतीला आता शाळेचं काही बोलायची लाज वाटली.

"दादा," लालासाहेब पुढं आले, "बरोबर बोलतीया ती."

"तू कुनाकडनं रं?"

"सकाळी तुमच्याकडनं हुतो. आत्ता शालीकडनं."

"वा रं सुभेदार!" सयाजीरावांनी टोपी पुन्हा काढली. "आरं पर लोक काय म्हणतील? रस्त्याकडचं रान, एवढं पिकाऊ, भनीला दिऊन टाकलं..."

"म्हणतील, सयाजीरावांनी मोत्यासारखं रान दिलं," हौसाबाई म्हणाल्या. "भाषान तुमीच केलंय."

आधी ओवी हसली. तिला काही कळलं नव्हतं, पण हौसाआजीनं आजोबांना गप्प केलं एवढं कळलं होतं. मग क्रांती, मग लालासाहेब. सयाजीराव बराच वेळ हसायचं नाही म्हणून उभे होते. मग त्यांच्या मिश्या हलल्या.

"समदं घर फितूर झालं," ते म्हणाले. "घे बाई. घे तुझं रान."

*

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी क्रांतीनं टेकाडावर पांढऱ्या फक्कीनं शाळा आखली. दोन खोल्या, ओसरी, टाकी. हिवराचं झाड तिनं मधल्या अंगणात घेतलं. वस्तीतली पोरं उठून आली आणि न सांगता रेघांच्या आत जाऊन बसली. लालासाहेबांनी झेंड्याच्या काठीची जागा स्वतः मोजून काढली आणि ती कुणी हलवू नये म्हणून तिथंच उभे राहिले.

गवंडी आला. नारळ, हळद-कुंकू, कुदळ, सगळं मांडलं. आता कुदळ कोण मारणार, तर दसऱ्यासारखे सयाजीरावच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. सयाजीरावांनी कुदळ उचलली आणि इकडंतिकडं पाहिलं.

"मालकीण कुठाय?"

शालूबाई सगळ्यांच्या मागं, हिवराच्या बुंध्याशी उभ्या होत्या. सात वर्षांत अंगवळणी पडलेलं. अशा वेळी सवाष्णी पुढं होतात, आपण मागं राहायचं.

"मी नगं दादा," त्या म्हणाल्या. "चांगल्या कामाला... हौसावैनी हायत की."

"रान कुणाचं?"

"आता शाळंचं."

"पाया घालूस्तवर तुझं. बदलीचं तूच म्हणालीस." सयाजीराव गर्दीतून मागं गेले आणि कुदळ तिच्या हातात दिली. "माझ्या कुदळीनं काय झालं ते बघितलं न्हवं? तुझ्या हातानं हुंदे."

दोन म्हाताऱ्या काहीतरी कुजबुजल्या. हौसाबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की कुजबूज तिथंच थांबली. मग त्यांनी कुंकवाचा करंडा उचलला, कुदळीला बोट लावलं आणि नणंदेला पाठीवर हात ठेवून पुढं आणलं.

शालूबाईंनी पदर खोचला. कुदळ डोक्यावर नेली आणि मारली.

खण्णकन आवाज झाला. कुदळ उसळून मागं आली, हात खांद्यापर्यंत झिणझिणले. जमिनीवर एक पांढरा ओरखडा उठला आणि नखाएवढी कपची उडून ओवीच्या पायाशी पडली.

"आत्याआजी, काहीच खणलं नाही!" ओवी ओरडली.

"खोल नकोच खणायला!" क्रांती टाळ्या वाजवत म्हणाली. कालपासून छातीवर असलेला दगड आत्ता उतरला होता, आणि तिला नाचावंसं वाटत होतं. "आत्ती, अजून एकदा मारा! सिद्धूमामा, ऐकलंत ना? हा आमचा पाया!"

शालूबाईंनी आणखी दोनदा मारली. आता सगळी पोरं प्रत्येक आवाजाला ओरडत होती. भडंगाचा डबा उघडला, मुठी भरल्या गेल्या, गवंड्याची माणसं पहारी घेऊन भिडली. मृगाच्या आत जोतं वर येणार यात आता कुणाला शंका नव्हती. या सगळ्यात सयाजीराव कधी निघून गेले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

विहिरीकडून मोटरीचा आवाज आला तेव्हा लालासाहेबांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"दादा काय करत्यात तिकडं?"

टेकाडावरून रस्त्याकडचं रान स्पष्ट दिसत होतं. पाटातून पाणी निघालं होतं आणि त्या काळ्या तुकड्यात शिरत होतं. पण पुढं सरकत नव्हतं. येईल तेवढं भेगांत उतरत होतं. धोतर गुडघ्यावर खोचून, हातात खोरं घेऊन, सयाजीराव बांध वळवत होते. मग ते ताठ उभे राहिले, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असे ओरडले.

"शाले! तुझ्या बागायतीला पाणी सोडलंय गं!"

शालूबाईंनी हौसाबाईंचा हात धरला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"आत्याआजी," ओवीनं त्यांचं लुगडं ओढलं, "क्रांतीआत्याची पट्टी भिजली असंल."

तेव्हा कुठं त्या हसल्या. पदरानं तोंड पुसलं, टेकाडाच्या कडेला गेल्या आणि लहानपणी मारायच्या तशी हाक मारली.

"भेगा भरूस्तवर बंद करू नगंस, दादा!"